यंत्राच्या पोटातला किडा

अब्बांचे घड्याळदुरुस्तीचे छोटे दुकान होते. घड्याळातला जो भाग बदलावा लागे, तो जुना भाग ते कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात देत. गिऱ्हाईक बहुधा दुकानाची पायरी उतरतानाच ती पुडी फेकून देई. अब्बांना त्याचे काही वाटत नसे.

अमेरिकेतल्या जुन्या स्लॉट मशीनच्या दुरुस्तीविषयी वाचताना ही पुडी मला आठवली. नाणे टाकायचे, दांडा ओढायचा. तीन चक्रे गरगरतात आणि एकेक करून थांबतात. तिन्हींवर सारखे चित्र आले तर नाणी खळखळत बाहेर पडतात. असले पहिले गाजलेले यंत्र, ‘लिबर्टी बेल’, चार्ल्स फे या बव्हेरियातून आलेल्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत बनवले. पुढे शिकागोच्या मिल्स कंपनीने अशी यंत्रे गावोगाव पोचवली. चक्रांवरची फळेही निरागस नाहीत. कायद्याला चुकवण्यासाठी ‘आम्ही च्युइंगम विकतो’ असे सोंग घेतले गेले, त्या गमच्या स्वादांची ती चित्रे!

१९३४ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी जप्त केलेली यंत्रे घणाने फोडली आणि समुद्रात बुडवली. अशा धाडींतून वाचलेली यंत्रे आज मोलाची झाली आहेत. साहजिकच नकलाही आल्या. त्यामुळे जाणकार आधी चेहरा पाहत नाही, पाठीमागचे दार उघडतो. पेटंटच्या पट्टीवरचे साल हे पेटंटचे असते, यंत्राचा जन्म त्यानंतरचा असू शकतो. चौफुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकाआधीचा नाही, म्हणजे कुणीतरी मागाहून हात घातला आहे. हे वाचताना अब्बांचे भिंग डोळ्यांपुढे आले.

कधीकधी दार उघडल्यावर आत धातूचा एक लहानसा तुकडा सापडतो. चक्र जिथे थांबते, तिथे खाचा असतात. बड्या इनामाच्या चित्राची खाच या तुकड्याने बुजवलेली असते. कारागीर त्याला ‘बग’ म्हणतात, म्हणजे किडा. प्रत्येक चक्रावर वीस थांबे धरले तर जुळण्या होतात आठ हजार. बड्या इनामाचे चित्र प्रत्येक चक्रावर एकदाच असेल, तर आठ हजारांत एकदा नशीब उघडायचे. किडा बसवला की एकदाही नाही. बाहेरून मात्र काही फरक दिसत नाही. ते चित्र खिडकीत रेषेच्या जरा वर, जरा खाली दिसतच राहते, आणि खेळणाऱ्याला वाटते, थोडक्यात हुकले.

आता दुरुस्ती करणाऱ्याने काय करावे? किडा काढावा की ठेवावा?

एक सोयीचे उत्तर आहे. किडा कारखान्यातला नाही, यंत्र चालवणाऱ्या मालकाने मागाहून बसवलेला आहे. मूळ रूप हवे तर काढून टाका. पण मग हजारो हातांनी गुळगुळीत झालेला दांडाही कारखान्यातला नाही. तो मात्र हीच मंडळी जपतात, त्याला ‘इतिहास’ म्हणतात. गुळगुळीतपणा इतिहास आणि लबाडी तेवढी कचरा, हा हिशेब मला पटत नाही.

हे सारे मी एका स्नेह्याला सांगितले, तर तो हसला. म्हणाला, “जुगार मुळातच हराम. हरामात इमान शोधत बसतोस?” मी निरुत्तर झालो, पण घरी आल्यावर विचार संपेना. १९३० च्या मंदीत मजुरीतले पाच सेंट या यंत्रात टाकणारा माणूस लोभी असेल. आठ हजारांतली एक संधी त्याने आपण होऊन पत्करली. शून्य मात्र त्याने पत्करले नव्हते. लोभाची शिक्षा म्हणून त्याला कुणीही लुटावे, असे तर आपला धर्मही सांगत नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा हुडकणारे पैगंबर आपल्याला ठाऊक आहेत. त्यांनी ढीग फेकायला सांगितले नाही, ओले धान्य वर ठेवायला सांगितले, घेणाऱ्याला दिसावे म्हणून.

आज ही यंत्रे दिवाणखान्यांत असतात. वाडग्यातली नाणी पोरे टाकतात आणि परत वाडग्यात ठेवतात. कुणाचे काही जात नाही. तरीही ते यंत्र पुढच्या माणसाला विकले जाईल. किडा आत ठेवून गप्प बसलो तर फसवणूक चालूच राहते. काढून गप्प बसलो तर एक प्रामाणिक यंत्र जन्माला येते, जे त्या दारूच्या गुत्त्यात कधी उभेच नव्हते. ही दुसरी लबाडी मला अधिक खटकते. ती करताना हात स्वच्छ वाटतात ना!

माझ्या हाती असे यंत्र आले असते तर मी खाच मोकळी केली असती. काढलेला तुकडा कागदाच्या पुडीत बांधून मागच्या दाराला आतून अडकवला असता, आणि पुडीवर लिहिले असते, तो कोणत्या चक्राच्या कोणत्या खाचेत मिळाला. घेणाऱ्याने ती पायरी उतरताना फेकली असती तर फेकली असती.