कार्याचा घरखर्च

मार्च १९३०. साबरमती आश्रमात दांडीला जाणाऱ्यांची यादी पक्की होत होती आणि त्याच सुमारास आश्रमात देवीची साथ आली होती. तिच्यात तीन मुलं दगावली. त्यांतलं एक पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचं. खरे आश्रमाचे गवई. सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेचं गाणं त्यांच्याकडे. १२ मार्चला गांधीजी निघाले, तेव्हा खरेही निघाले. त्या तुकडीत बायका नव्हत्याच. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या.

गांधीचरित्रांतून हा प्रसंग त्यागाचा म्हणून येतो. घरात लहान मूल असलेल्या माणसाने वाचला, तर तो सहजी घशाखाली उतरत नाही. देवी टोचून घेण्याला गांधीजींचा तात्त्विक विरोध होता. सक्ती नव्हती, ज्याला टोचून घ्यायचं असेल त्याला मोकळीक होती. पण जिथे एकाच माणसाच्या शब्दावर सगळ्यांचा दिवस उजाडतो, तिथे मोकळीक म्हणजे नेमकं काय, हे संस्थेच्या आवारात संसार केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

खऱ्यांना आश्रमात धाडलं होतं त्यांचे गुरू विष्णु दिगंबर पलुसकर यांनी. गांधीजींना संगीतशिक्षक हवा होता. गुरूंनी शिष्य दिला. ‘आश्रम भजनावली’ खऱ्यांनी जमवली, तिच्यातल्या पदांना राग दिले. असा शिष्य सहज देऊन टाकण्याची रीत त्या गुरूला कुठून आली, हे पाहण्यासारखं आहे.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८७२चा, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, शिक्षण तुटलं आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं सुरू झालं. १८९६मध्ये त्यांनी मिरज सोडली, ती गवयाला समाजात मान नाही ही सल घेऊन. राजाश्रयाऐवजी त्यांनी तिकीट लावून जलसे केले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं, ते लोकांच्या पैशावर. ‘गाणं-बजावणं’ म्हटलं की नाक मुरडणाऱ्या घरांतून मुलं शिकायला यावीत म्हणून त्यांनी चिजांतला शृंगार गाळून तिथे भक्ती घातली, ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तकं काढली. या सोवळेपणात गाण्याची लज्जत थोडी उणावली, हे खरंच. पण आज मुलीला क्लासला सोडून बाहेर स्कूटरवर टेकून उभा राहणारा बाप त्याच सोवळेपणाचं देणं लागतो.

त्यांचा सगळ्यात धाडसी उपक्रम म्हणजे उपदेशक वर्ग. मुलगा नऊ वर्षांच्या कराराने विद्यालयात ठेवायचा; राहणं, जेवण, शिक्षण फुकट; पुढे त्याने गाणं शिकवत फिरायचं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर अशी माणसं विष्णु दिगंबरांच्या हाताखाली तयार झाली. नऊ वर्षं! ज्या काळात गवयाच्या हाती मुलगी द्यायला लोक कचरत, त्या काळात पोटचा मुलगा देणाऱ्या आईबापांबद्दल मात्र संगीताच्या इतिहासात फारसं काही सापडत नाही. कोणाला खाणारं एक तोंड कमी झालं असेल, कोणाला खरोखर गाणं हवं असेल.

मुंबईत १९०८ साली शाखा निघाली, कर्ज काढून इमारत उभी राहिली. कर्ज फेडायला जलसे, जलशांसाठी दौरे. काँग्रेसच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ गायलाही हेच. १९२३ला काकिनाड्याच्या अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अलींनी हरकत घेतली तरी ते थांबले नाहीत. इमारत अखेर सावकारांच्या देण्यात गेली. विष्णु दिगंबर नाशिकला रामनामात रमले.

आणि घर? मुलं झाली आणि एकामागून एक लहानपणीच गेली. राहिला तो १९२१चा दत्तात्रेय. वडील ऑगस्ट १९३१मध्ये गेले, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. ज्या माणसाने दुसऱ्यांची मुलं नऊ-नऊ वर्षं वाढवली, त्याच्या स्वतःच्या मुलाला तेवढा बाप मिळाला नाही. त्याला गाणं दिलं ते विनायकराव आणि नारायणराव यांनी, म्हणजे त्याच दुसऱ्यांच्या मुलांनी. तो पुढे द. वि. पलुसकर झाला. ‘बैजू बावरा’ चित्रपटात अमीर खाँसाहेबांसमोर त्याची जुगलबंदी आहे, आणि त्याच्या भजनांच्या तबकड्या घराघरांत वाजल्या. १९५५मध्ये, चौतिसाव्या वर्षी, मेंदूच्या विकाराने तोही गेला.

या दोन घरांकडे पाहून ‘कार्य नको, संसार करा’ असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. तो चुकीचाही आहे. दत्तात्रेयाला वाढवणारे हात त्या कार्यातूनच आले होते. खटकतं ते निराळंच. विद्यालयाच्या कर्जाला व्याज होतं, तारखा होत्या, सावकार दारात उभा होता. बायकोच्या आणि मुलांच्या वाट्याच्या वर्षांची वसुली करायला कोणी येत नव्हतं. मग जिथला तगादा नाही ते देणं मागे पडतं.

आजही मदतीची मैफल उभी राहते ती याच हिशेबावर. गायक बिदागी सोडतो, नाट्यगृहाचं भाडं कोणी देणगीदार भरतो, स्मरणिकेच्या जाहिराती गोळा होतात. मध्यंतरात विंगेत डोकावलं तर कार्यकर्त्यांची पोरं तबल्याच्या खोळी उशाला घेऊन सतरंजीवर झोपलेली असतात. दुसऱ्या दिवशी शाळा असते. घरी परतायला रात्रीचा एक वाजतो, डबा सकाळी सहाला लागतो आणि तो कोण करणार यावर चर्चा होत नाही. संस्थेच्या अहवालात ध्वनिक्षेपकापासून हारतुऱ्यांपर्यंत सगळ्यांचे आभार असतात. कार्यकारिणीने निदान पुढची तालीम तरी रात्री नऊच्या आत आटोपावी, आणि सकाळच्या डब्याचं काम कोणाकडे आहे ते तारीख ठरवण्याआधी विचारून घ्यावं.