पारध्यांचे दिव्य आणि आपली अदालत

फेब्रुवारी २०२१ मध्ये धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातली एक चित्रफीत महाराष्ट्रभर पसरली. उकळते तेल, त्यात टाकलेले नाणे आणि ते हाताने बाहेर काढणारी एक पारधी बाई. काही दिवस ती घरी नव्हती, म्हणून नवऱ्याला तिच्या चारित्र्याची खात्री हवी होती. हात भाजला तर ती खोटी. संताप व्हायला हवा होता आणि तो झालाही. पण त्या संतापात एक वाक्य सगळीकडे ऐकू आले: या लोकांचे रिवाजच असे रानटी. वाशी, भूम, परंडा, कळंब या पट्ट्यात हे वाक्य नवे नाही. गावाबाहेरच्या पारधी वस्तीकडे बोट दाखवून ते पिढ्यान् पिढ्या बोलले गेले आहे. मला त्याच वाक्याशी भांडायचे आहे.

तेलातून नाणे काढण्याचा प्रकार पारध्यांनी रानातून आणलेला नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी खरेखोटे ठरवण्याची पाच दिव्ये सांगितली आहेत. पुढच्या स्मृतींनी त्यांत तप्तमाषाची भर घातली. तापलेल्या तेलातुपातून सोन्याचा तुकडा काढायचा, ते हे दिव्य. मराठी मुलखात त्यालाच रवा काढणे म्हणत. पाटिलकीचा, जोशीपणाचा, शिवेचा तंटा गोतसभेत साक्षीपुराव्याने सुटला नाही, की देवापुढे कढई चढे. हात धुऊन, नखे काढून रवा उचलायला लावत. मग हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहर करत आणि तिसऱ्या दिवशी ती सर्वांसमक्ष उघडत. हात शाबूत निघाला तर वतन त्याचे. निवाड्याचा महजर लिहून त्यावर गोताच्या निशाण्या होत. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरच्या आपल्या १९५३ च्या ग्रंथात या दिव्यांची कागदोपत्री हकीकत मांडली आहे. कढईत हात घालणारे हे वादी पाटील होते, कुलकर्णी होते, प्रतिष्ठित वतनदार होते. त्यांना कोणी आदिम म्हणत नाही.

मग वतनदारांचे दिव्य सुटले आणि पारध्यांचे का राहिले? वतनदाराला दुसरी जागा मिळाली. अदालत आली, दस्तऐवज आले, वकील आले. तेलापेक्षा सातबारा बरा, हे कळायला कोणा समाजसुधारकाची गरज पडली नाही. पारध्याच्या वाट्याला मात्र त्याच सरकारचे दुसरे तोंड आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाने काय केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहिले. १९११ आणि १९२४ मध्ये हा कायदा आणखी विस्तारला. नावनोंदणी, हजेरी आणि परवान्याशिवाय हालचालीला बंदी आली. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. हा आपला भाग तेव्हा निजामाचा, पण तिथेही गुन्हेगार जमातींसाठी वेगळे कायदे होतेच. शिवाय बार्शीकडची हद्द ओलांडली की इंग्रजांचा मुलूख. देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षे थांबावे लागले. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला आणि १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. कागदावरून जमात गेली, ठाण्याच्या मनातून गेली नाही. आजही शिवारातली मोटार चोरीला गेली की पहिली गाडी कुठे जाते, ते आपल्याला ठाऊक आहे.

ज्या दारातून बापाला, भावाला ओढून नेले, त्याच दारात एखादी बाई नवऱ्याची तक्रार घेऊन कशी जाईल? ती पंचांकडे जाते. पारध्यांची जातपंचायत टिकली त्यामागे अडाणीपणापेक्षा हे कारण मोठे आहे. देजाचा, म्हणजे वधूमूल्याचा हिशेब, पळवून नेलेली मुलगी, मोडलेला संसार, भावकीतली मारामारी, सगळे तिथेच चालते. आणि पंचांपुढे शब्दाला शब्द अडला की शेवटची साक्ष देवीची.

ही देवी समजून घेतल्याशिवाय दिव्य समजत नाही. फासेपारध्यांत कुळागणिक देवी निरनिराळी आणि तिच्या नावे द्यायचा बळीही कुळाच्या रिवाजाप्रमाणे. देव गाठोड्यात बांधलेले असतात, कारण पालाला भिंत नसते आणि मुक्काम कधी हलवावा लागेल याचा नेम नसतो. त्या गाठोड्याला बाईने शिवायचे नाही. बाईच्या वस्त्राच्या काठाचाही विटाळ मानतात. काळे, पवार, चव्हाण, भोसले ही आडनावे तुमच्याआमच्यासारखीच, पण घरातली बोली गुजराती-राजस्थानी वळणाची. तितर, लाव्हा, ससा, हरीण फासात धरायचे हा धंदा. शिकवून तयार केलेल्या गाईच्या आडोशाने काळविटाच्या कळपाजवळ सरकायचे, हे त्यातले कसब. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा धंदाच गुन्हा ठरला. कायदा आवश्यक होता, असे मी मानतो. पण धंदा काढून घेताना हातात जमीन दिली नाही, हेही त्याच दमात सांगायला हवे. धंदा गेला, रान गेले, गावात घर नाही. उरली देवी आणि पंच.

आपल्याकडच्या बाकीच्या रिवाजांकडे आपण कसे पाहतो? चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येरमाळ्याला येडेश्वरीच्या पालखीसोबत लाखो भाविक चुनखडी वेचतात. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवचा शेतकरी कडब्याच्या कोपीत पांडव मांडून पूजा करतो आणि अंबिलीने गावजेवण घालतो. त्यांना आपण परंपरा म्हणतो, मासिकांत कौतुकाने लिहितो, आणि त्या कौतुकाला त्या पात्रही आहेत. पारध्याच्या गाठोड्यातली देवी मात्र पोलिसांच्या टिपणात चोरीला निघण्यापूर्वीचा विधी म्हणून येते. श्रद्धा तीच, पण बघणाऱ्याचा डोळा बदलला की तिचा पुरावा होतो.

हा डोळा वेगळाही असू शकतो. मलेशियात तेमुआन नावाचा आदिवासी समाज आहे. पूर्वजांचे आत्मे आपल्या जमिनीवर राहतात, अशी त्यांची श्रद्धा. सेलांगोरमधल्या बुकित ताम्पोई इथली त्यांची जमीन क्वालालंपूरच्या नव्या विमानतळाकडे जाणाऱ्या महामार्गासाठी घेतली, तेव्हा सागोंग तासी आणि इतर तेमुआन न्यायालयात गेले. २००२ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २००५ मध्ये अपील न्यायालयाने परंपरागत मालकी मान्य केली. पिढ्यान् पिढ्या पाळलेला रिवाज तिथे हक्काचा पुरावा ठरला. तिथले आदिवासी सुखात आहेत असे नाही. पण एका न्यायालयाने रिवाजाकडे पाहून, हे लोक इथलेच आहेत, असे म्हटले. आपल्याकडे पारध्यांचा रिवाज पाहून शतकभर उलटेच म्हटले गेले.

एवढे सगळे मान्य केले तरी कढई क्षम्य होत नाही. शिवकाळातल्या कढईत वतन मागणारा पुरुष हात घालत होता. आजच्या कढईत बाईचा हात आहे. पंचांत बाई नाही, गाठोड्याला तिने शिवायचे नाही, पण गाठोड्यातल्या देवीची परीक्षा तिनेच द्यायची. ही संस्कृती म्हणून जपा, असे सांगणाऱ्यांशी माझे तितकेच भांडण आहे. विटाळ, दंड, बहिष्कार आणि दिव्य, या चारांत दरवेळी एकाच बाजूचे माणूस भाजते. पारध्यांतल्या शिकलेल्या मुली आता हे स्वतः बोलू लागल्या आहेत. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृह चालते, आणि पालावरून आलेली मुले तिथे शिकून मोठी झाली. बदल शक्य आहे तो याच वाटेने.

कायदे कमी नाहीत. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१७ पासून लागू आहे. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, हेही बजावले. पण पंचांना शिक्षा देणारा कायदा आणि बाईचे म्हणणे ऐकणारे दार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आली, दुसरी आली नाही, तर पंचायत गुपचूप भरेल आणि तेल दाराआड तापेल. चित्रफीत तेवढी बाहेर येणार नाही.

ते दार उघडण्यासाठी नवा कायदा लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न न विचारता सरकारी खर्चाने वकील मिळतो. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, म्हणजे पारधी बाईला हा हक्क दोन्ही बाजूंनी आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुका विधी सेवा समितीने महिन्यातून एकदा, पोलीस सोबत न घेता, बोली जाणणारी पारधी कार्यकर्ती घेऊन वस्तीवर बसावे. सुरुवात वाशीपासून करावी.