सतरा दुणे सतराशे सतरा

चुकीचा प्रवाह आपल्याकडे वरून खाली वाहतो. मास्तरांनी मुलाची चूक काढावी, सासूने सुनेची काढावी, साहेबाने कारकुनाची काढावी आणि कारकुनाने घरी येऊन बायकोची काढावी, अशी ही व्यवस्था आहे. हेच पाणी कधी खालून वर चढू लागलं, की त्याला चूक काढणं न म्हणता उद्धटपणा म्हणतात.

तसं शास्त्र विद्यार्थ्याच्या बाजूचं आहे. तैत्तिरीय उपनिषदातल्या शिक्षावल्लीत गुरू शिष्याला चक्क सांगतात, की बाबा रे, आमचं जे चांगलं वागणं असेल तेवढंच घे, बाकीचं घेऊ नकोस. केवढं मोठं मन! पण हे सांगितलंय केव्हा, तर शिक्षण पुरं करून शिष्य घरी निघाला तेव्हा. गाई वळून झाल्या, समिधा आणून झाल्या, पाठांतर झालं, आणि मग ही परवानगी. आधी सांगितली असती तर आश्रम चालवणं कठीण गेलं असतं, हे मीही समजू शकतो.

हे सगळं आठवायचं कारण एक मुलगी. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंची ही लेक, बारावीला आहे. आईच्या मोबाईलवर इंटरनेटवरचे फुकट धडे बघून ती कॉम्प्युटरची भाषा शिकत होती. भाषेचं नाव पायथॉन. (अजगराशी काही संबंध नाही. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी 1991 साली ही भाषा जगापुढे ठेवली, ती ‘माँटी पायथॉन’ या इंग्रजी विनोदी मंडळींचं नाव देऊन. विनोदी माणसांच्या नावाने एखादी गंभीर गोष्ट निघावी, याचा मला व्यवसायबंधू म्हणून अभिमान वाटतो.) निवृत्तीनंतर मीही याच भाषेच्या नादी लागलेला असल्यामुळे अधूनमधून मुलगी मला शंका विचारी. मग एक दिवस शंका बंद झाल्या. विचारलं तर म्हणाली, “सोडलं मी ते काका. मला नाही जमायचं. माझं डोकं त्यातलं नाहीये.”

“का गं?”

तिने वही दाखवली. धडा होता अगदी साधा. यंत्राने माणसाला वय विचारायचं आणि त्याची दुप्पट करून दाखवायची. मुलीने अक्षर न् अक्षर धड्याबरहुकूम उतरवलं होतं. वय घातलं सतरा. धड्यात लिहिलं होतं, उत्तर 34 येईल. वहीत खोडरबराने पुसून पुसून कागद विरला होता, आणि त्याखालून दिसत होतं 1717.

मी माझं वय घालून पाहिलं. यंत्राने शांतपणे सांगितलं 6868. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातो, तिथे हा आकडा सांगितला असता तर पेन्शन बंद होऊन मला पुराणवस्तू खात्याकडे पाठवलं असतं.

आता यातली गंमत ऐका. धडा लिहिणारा माणूस अडाणी नव्हता. त्याने लिहिलं तेव्हा ते बरोबरच असणार. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत माणसाने सतरा टाइप केलं की यंत्र त्याला आकडा समजे आणि सतरा दुणे चौतीस करी. 2008 साली तिसरी आवृत्ती आली, तिने हे बदललं. माणूस जे काही टाइप करील तो आधी मजकूर मानायचा, आकडा हवा असेल तर तसं वेगळं सांगायचं. आणि मजकुराला दोनाने गुणलं की तो दोनदा लिहायचा, असा तिथला कायदा. म्हणजे सतरा दुणे सतराशे सतरा. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल 1 जानेवारी 2020 पासून अधिकृतरीत्या थांबली. धडा मात्र आहे तिथेच उभा, दुकान हललं तरी जुन्या भिंतीवर राहिलेल्या पाटीसारखा.

बरं, यंत्राने निदान बोंब तरी मारावी! एरवी एक कंस राहिला तर ते पोरांच्या अंगावर खेकसतं. इथे मात्र कायद्याने काहीच चुकलं नव्हतं, म्हणून गप्प. किरकोळ बाबतीत खवळायचं आणि मोठा घोटाळा सही करून पुढे सरकवायचा, हे मी छत्तीस वर्षं नोकरीत पाहिलं. यंत्राकडून माझी अपेक्षा जरा जास्त होती.

मी हे प्रकरण आमच्या एका मित्रांपुढे मांडलं. हे निवृत्त हेडमास्तर. धड्याच्या तळाशी ‘चूक आढळल्यास कळवा’ अशी एक चौकट आहे, तिथे कळवावं असं माझं म्हणणं. हेडमास्तरांनी चहाची बशी खाली ठेवली.

“कुणी कळवायचं? विद्यार्थ्याने? अहो, चुकतंय असं वाटलं तर आधी आपलंच चुकलं असेल असं धरून चालणं, हाच विद्यार्थ्याचा धर्म! नाहीतर उद्या प्रत्येक कार्टं म्हणेल, मास्तर, तुमचा पायथागोरस चुकला.”

“पण मुलगी तेच धरून चालली, आणि थेट घरी गेली!”

“शिवाय बिचाऱ्याने फुकट शिकवलंय. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत.”

हा मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे रात्रभर माझ्या डोक्यात राहिला. दात मोजू नयेत हे खरं. पण त्या गाईखाली एक पोर भांडं घेऊन बसलंय, आणि धार निघत नाही ती आपल्याच हातात कळ नाही म्हणून, असं समजून उठून चाललंय. त्याला तरी सांगायचं की नाही, की बाळ, गाय भाकड झालीय?

आणि मला दुसरंच काहीतरी खुपत होतं. तो धडा माझ्याआधी कितीतरी जणांनी वाचला असेल. कुणीच कसं कळवलं नाही? विचार करता करता लक्षात आलं, की ते साहजिकच आहे. ज्याला थोडंफार येतं, तो चूक ओळखतो, जागच्या जागी दुरुस्त करतो आणि पुढे जातो. त्याचं अडत नाही, म्हणून तो बोलत नाही. ज्याचं अडतं, त्याला ती धड्याची चूक आहे हेच कळत नसतं, म्हणून तोही बोलत नाही. बोलू शकणाऱ्याला गरज नाही आणि गरज असणाऱ्याला वाचा नाही. रस्त्यावरच्या खड्ड्याचं असंच असतं. रोजचा माणूस सवयीने वळसा घालतो, नवखा पडतो, आणि उठताना इकडेतिकडे बघून कपडे झटकतो, जणू पडणं हा त्याचाच गुन्हा. मग मला विचारायचंय ते एवढंच, की वळसा घालणाऱ्याकडे काही देणं लागतं की नाही? खड्डा त्याने खणलेला नाही, हे मान्य करूनही?

आपली जुनी पुस्तकं या बाबतीत सभ्य होती. शेवटी एक शुद्धिपत्र असे. पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. खापर सगळं मुद्राराक्षसावर. लेखक सुटला, खिळे जुळवणाराही सुटला, आणि वाचकाला कळलं की आपलं डोकं ठिकाणावर आहे. इंटरनेटवरच्या धड्याला शेवटचं पानच नसतं, तर शुद्धिपत्र चिकटवायचं कुठे?

तिकडे अमेरिकेत डोनाल्ड कनूथ म्हणून कॉम्प्युटरशास्त्रातले थोर प्राध्यापक आहेत. त्यांच्या महाग्रंथाचा पहिला खंड 1968 साली निघाला. त्यांची पद्धत अशी, की पुस्तकातली चूक प्रथम दाखवील त्याला दोन डॉलर छप्पन सेंट बक्षीस. (सोळाच्या हिशेबात लिहिलं तर 256 चे बरोबर शंभर होतात, विद्वानांचे विनोद हे असे.) लोकांनी ते चेक वटवायच्या ऐवजी चौकटीत घालून भिंतीवर लावले. पुढे चेकवरच्या खातेक्रमांकांमुळे बँकेत अफरातफर होऊ लागली, तेव्हा 2008 पासून ते एका काल्पनिक बँकेचं प्रमाणपत्र पाठवू लागले. लोक तेही तितक्याच आनंदाने लावतात. हे मी हेडमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, “आमच्या शाळेत ही योजना ठेवली असती, तर माझा फंड पुरला नसता.” पण आवाज जरा खाली आला होता.

मग ठरलं, की कळवायचं, पण मुलीने. तिचं अडलं, तिचं म्हणणं. आधी तिने लिहिलं, “तुमचा धडा चालत नाही.” मी म्हटलं, हे डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ सांगण्यासारखं झालं. काय टाइप केलंस, काय येईल म्हणून लिहिलंय, आलं काय, आणि पायथॉनची आवृत्ती कुठली, एवढं सांग. रागावू नकोस आणि माफीही मागू नकोस. हे शेवटचं तिला सर्वांत जड गेलं. तीन वेळा तिने ‘माझंच चुकत असेल तर क्षमा करा’ हे वाक्य घातलं आणि तीन वेळा मी ते काढायला लावलं. चौथ्यांदा तिने आपणहून काढलं.

मजकूर तयार झाला तेव्हा हेडमास्तर आलेलेच होते. “बघू,” म्हणाले. चष्मा लावला, वही जवळ ओढली, पहिली ओळ वाचली आणि खिशाकडे हात नेला. मला वाटलं आता संपलं सगळं.

“पोरी,” ते म्हणाले, “दुसऱ्याची चूक कळवतेस ना? मग ‘चूक’ मधला चू दीर्घ. आणि हे बघ, ‘चुका’ लिहिशील तेव्हा मात्र ऱ्हस्व.”

“का हो सर?” मुलीने विचारलं. “का बदलतो?”

हेडमास्तरांनी पेन टेबलावर ठेवलं आणि खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली.