लहान मुलांस शिकविण्यासाठीं शिकावें काय?



एखादी मुलगी घरीं म्हणते कीं, मला बालवाडीच्या शिक्षिकेचा अभ्यासक्रम शिकावयाचा आहे, तेव्हां पुष्कळ घरांत तिला हंसून उत्तर मिळतें: "लेंकरें सांभाळावयास शाळा कशाला? तुझ्या आजीनें आठ लेंकरें वाढविलीं, ती कोठें शिकली होती?" ह्या उत्तरांत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. जेथें प्रीति आहे, तेथें ज्ञानाची गरज आहे काय?

आजीच्या पक्षीं जें खरें आहे, तें प्रथम मान्य करूं. लेंकराचें रडणें भुकेचें कीं दुखण्याचें, हें आईस कळतें. तें तिला कोणत्याहि पुस्तकानें शिकविलेलें नसतें. परंतु तीन वर्षांच्या मुलाच्या हातीं पाटी देऊन, अक्षर नीट निघत नाहीं म्हणून त्यास मारणारा बाप द्वेषानें मारीत नाहीं. मुलाचें कल्याण व्हावें म्हणूनच मारतो. त्या कोंवळ्या बोटांस आधीं माती मळावयाची, मणी ओवावयाचे असतात, त्या जिभेस पुष्कळ बोलावयाचें असतें, आणि अक्षर त्यामागून येतें, हें त्यास ठाऊक नसतें. येथें प्रीति कमी पडली नाहीं, ज्ञान कमी पडलें. आणि त्याचें मोल बापानें नव्हे, मुलानें दिलें. जो तक्रार करूं शकत नाहीं, त्याच्यावर आपल्या अज्ञानाचा भार टाकणें न्याय्य आहे काय? आपल्या शेतांत चुकलेली पेरणी पुढील वर्षीं सुधारतां येते. मुलाचें तिसरें वर्ष पुन्हा येत नाहीं.

महाराष्ट्रांत हा प्रश्न कृतीनें सोडविणाऱ्या दोन स्त्रिया होऊन गेल्या. ताराबाई मोडक ह्या पदवीधर होत्या. तरी भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून त्यांनीं बालशिक्षणाचा अभ्यास केला. 1945 सालीं त्यांनीं समुद्रकाठच्या बोर्डी गांवीं खेड्यांतील मुलांसाठीं केंद्र काढलें. त्यांस येऊन मिळालेल्या अनुताई वाघ तेव्हां पस्तीस वर्षांच्या, अनुभवी शिक्षिका होत्या. तरी लहान मुलांच्या कामांत त्यांनीं ताराबाईंस गुरु मानिलें. गरीब वस्तीचीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां त्यांनीं शाळाच वस्तीच्या अंगणांत नेली. ती अंगणवाडी होय. पुढें कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांमध्यें, गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली. माँटेसरीबाईंच्या पद्धतीचें महाग साहित्य परवडण्याजोगें नव्हतें. त्याऐवजीं शिंपले, बिया, खडे व पानें उपयोगांत आलीं. त्यांचा अभ्यास पुस्तकांत संपला नाहीं. मुलाकडे निरखून पाहणें हाच त्याचा मोठा भाग होता.

आतां आपल्या यवतमाळ जिल्ह्याकडे पाहा. कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळींच शेतांत जाते, धाकटें लेंकरूं थोरल्या बहिणीच्या कडेवर येतें, आणि बहिणीची शाळा बुडते. चांगली अंगणवाडी अशा वेळीं दोन मुलांचें हित करिते. पुन्हा, कोलाम पोडावरचें मूल घरीं कोलामी बोलतें, बंजारा तांड्यावरचें गोरमाटी. तें मराठी गाण्याच्या वेळीं गप्प बसलें, तर न शिकलेली बाई त्यास मंद म्हणेल. शिकलेली बाई जाणते कीं मूल शब्दांनीं भरलेलें आहे, परंतु ते शब्द आपणांस येत नाहींत. म्हणून ती त्याच्या आईजवळ बसून दहा शब्द शिकून घेईल. चिंचोके व पळसाचीं पानें तिला मोजणी शिकविण्यास पुरतील.

सरकारनेंहि ह्या अभ्यासाची गरज मानिली आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांस सहा महिन्यांचा, व त्याहून कमी शिकलेल्यांस एक वर्षाचा अभ्यासक्रम सांगितला आहे.

तरी एक सावधगिरी असावी. प्रमाणपत्र घेऊन जी बाई पोडावरील आईस अडाणी म्हणते, तिचें शिक्षण अपुरें राहिलें. ह्या विद्येचा पहिला धडा धीर धरणें व ऐकणें हा आहे.

म्हणून आजीचा मान राखावा, आणि शिकूं पाहणाऱ्या मुलीस हंसूं नये. प्रीतीनें लेंकरूं जवळ घेतां येतें. तें कसें वाढतें, हें मात्र शिकावें लागतें. परक्याचें लेंकरूं आपल्या हातीं ठेव म्हणून येतें, आणि जो ठेव घेतो, त्यानें ती राखण्याची रीति शिकून घेणें हें त्याचें कर्तव्यच आहे.