नाक

माणसाच्या देहातला सर्वांत कामसू अवयव कोणता, असं विचारलं तर कुणी हृदय म्हणेल, कुणी पोट. मी नाक म्हणेन. बिचारं श्वास घेतं, वास घेतं, चष्मा पेलतं आणि उरलेल्या वेळात सबंध घराण्याची अब्रू सांभाळतं. ही शेवटची नोकरी बिनपगारी आहे.

मराठीने तर नाकाला बैलासारखं राबवलंय. सज्जन नाकासमोर चालतो, आगाऊ नाक खुपसतो, ढोंगी नाकाने कांदे सोलतो. महिनाअखेरीला आमच्या नाकी नऊ येतात आणि नेमका तेव्हाच रुसलेल्या जावयाच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात. पण या सगळ्यांचा राजा म्हणजे 'नाक कापलं जाणं'. गंमत बघा, रक्ताचा थेंब सांडत नाही. नाक आपलं, कापणारा बहुधा आपलाच चिरंजीव, आणि कापलं की नाही हे ठरवणार चार लोक! हे चार लोक राहतात कुठे, ते मला अजून कळलेलं नाही.

एके काळी नाकं खरोखरच कापत. पंचवटीत शूर्पणखेचं कापलं ही झाली कथा. कावसजीचा मात्र इतिहास आहे. टिपूविरुद्धच्या १७९२ सालच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला हा बैलहाक्या पकडला गेला. त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीचं नवं नाक त्याला करून दिलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिगत चित्रासकट छापली. मी मात्र त्या हाताशी अडतो. बैल हाकायला हात लागतो, नाक नव्हे. हात तोडला तो पोटावर मारण्यासाठी. मग नाक कशासाठी? त्या माणसाला पुन्हा चार लोकांत तोंड दाखवता येऊ नये म्हणून!

म्हणजे नाक आपल्या चेहऱ्यावर असलं तरी त्याचा सातबारा लोकांच्या नावावर असतो. मग स्वाभिमान खोटाच का? तसंही नाही. मी एक सोपी कसोटी काढली आहे. बंद खोलीत, कुणी बघत नसताना जे सलतं तो स्वाभिमान; चार लोक बघताहेत म्हणून जे सलतं ते नुसतं नाक.

कसोटी काढणं सोपं असतं. माझं आणि थोरल्या भावाचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. कारण आजीचा तांब्याचा बंब. वाटणीत तो दादाकडे गेला आणि मी भर बैठकीत नको ते बोललो. पुढे वहिनी दर दिवाळीला निरोप धाडायची, "भाऊजी, फराळाला या." मी म्हणायचो, "आधी त्याने बोलवावं." तो म्हणायचा, "आधी त्याने यावं." दोन्ही नाकं एकाच आईची, त्यामुळे लांबीत फरक नव्हता.

यंदा माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्याला पट्टी. दुपारभर पडल्या पडल्या उघड्या डोळ्याने बघतो तर मध्ये काहीतरी धूसर, डोंगराएवढं. बराच वेळ निरखल्यावर कळलं, ते माझंच नाक. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, दोन्ही डोळे उघडले आणि नाक दिसेनासं झालं. तुम्हीही एक डोळा मिटून बघा. एका डोळ्याने पाहणाऱ्याला आधी स्वतःचं नाक दिसतं.

डॉक्टरांनी नको म्हटलं असतानाही संध्याकाळी रिक्षा केली. दादाने दार उघडलं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एवढंच म्हणाला, "काळा चष्मा कसला घातलायस? ये आत."

बंब गॅलरीत होता. त्यात वहिनीने गवती चहा लावला होता. माझ्या आठवणीत तो पुरुषभर उंच होता. बघतो तर जेमतेम गुडघ्याएवढा.