खरेदीखत आणि सद्गुणमीमांसा

वसाहतकालीन अमेरिकेतील सर्वांत समर्थ तत्त्वचिंतक म्हणून ज्याचे नाव आजही आदराने घेतले जाते, त्या जोनाथन एडवर्ड्स या मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन गावच्या धर्मोपदेशकाच्या कागदपत्रांत १७३१ सालच्या जून महिन्यातील एक खरेदीखत आहे. ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्ट बंदरी झालेल्या या खताअन्वये, ८० पौंड मोबदल्यात, सुमारे चौदा वर्षे वयाची व्हीनस नावाची एक आफ्रिकी मुलगी त्याच्या व त्याच्या वारसांच्या मालकीची झाली. खताची भाषा शेत किंवा घर विकताना असावी तशीच निर्विकार आहे. लिहिणाऱ्याचा हात कोठे अडखळल्याची खूण तीत नाही.

असले कागद टिकतात कसे, हाही विचार करण्याजोगा विषय आहे. त्या काळी कागद महाग. म्हणून एडवर्ड्स आलेल्या पत्रांच्या पाठीवर, दुकानदारांच्या बिलांवर, आजारी आप्तांसाठी प्रार्थना करावी अशी विनंती करणाऱ्या गावकऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर, इतकेच नव्हे तर घरातील बायकामुली पंखे तयार करीत त्यातून उरलेल्या कपट्यांवरही आपली टिपणे लिही आणि ते सारे शिवून त्याच्या वह्या करी. त्यामुळे त्याच्या दफ्तरात परमार्थ आणि प्रपंच हे एकाच पानाच्या दोन बाजू होऊन बसले, आणि गुरूचे एकही अक्षर नष्ट होऊ नये या भक्तिभावाने पुढे शिष्यांनी व वंशजांनी जे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यातील मोठा भाग आज येल विद्यापीठात आहे. भक्ती थोडी उणी असती तर चरित्रकारांचे काम पुष्कळच सोपे झाले असते.

१७५८ साली प्रिन्स्टनच्या कॉलेजचे अध्यक्षपद स्वीकारल्यावर अवघ्या काही आठवड्यांत, देवी टोचून घेतल्याच्या परिणामी एडवर्ड्सचा अंत झाला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्याची पत्नी सारा हीही गेली. त्याच्या मिळकतीची जी यादी करण्यात आली तीत टायटस नावाचा एक कृष्णवर्णी मुलगा ३० पौंड किमतीला नमूद आहे, आणि पुढच्याच वर्षी मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी त्या घरचे जोसेफ व सू हे दोन गुलाम विकून टाकले.

आता याच मनुष्याने १७५५ च्या सुमारास खऱ्या सद्गुणाच्या स्वरूपावर जो प्रबंध लिहिला, त्याचा सिद्धांत असा की, आपल्या कुटुंबावर, पंथावर किंवा राष्ट्रावर केलेले प्रेम, ते कितीही उत्कट असले तरी, खरा सद्गुण नव्हे. समस्त अस्तित्वाविषयी, म्हणजे परमेश्वर आणि त्याच्या ठायी असलेल्या सर्वांविषयी, जी सद्भावना, तीच खरा सद्गुण होय. ही भूमिका इतकी उंच आहे की आपल्याकडील वेदान्त्यालाही ती परकी वाटू नये. मग प्रश्न असा उभा राहतो, की अस्तित्वमात्राला कवेत घेऊ पाहणाऱ्या या सद्भावनेच्या परिघात स्वतःच्या स्वयंपाकघरात राबणारी मुलगी का येऊ नये?

याला दांभिकपणा म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. दांभिक मनुष्य जे मानीत नाही ते बोलतो; एडवर्ड्स जे बोलला ते त्याने अंतःकरणपूर्वक मानले होते. दुसरे उत्तर अधिक सभ्य वाटते: त्या काळाचे माप त्या काळालाच लावावे. पेशवे दफ्तरात बटकी व कुणबिणी यांच्या खरेदीविक्रीची नोंद वाचताना आपलेही अभ्यासक याच उत्तराचा आधार घेतात. परंतु हे उत्तर येथे टिकत नाही, आणि ते खोटे पाडणारी साक्ष विरोधकांच्या दफ्तरातली नाही. ती एडवर्ड्सच्याच कागदांत आहे. १७४१ च्या सुमाराचा त्याच्या हातचा एक खर्डा उपलब्ध आहे. नॉर्थफील्ड येथील पाळकाने गुलाम बाळगल्याबद्दल त्याच्याच मंडळीतील काहींनी त्याला दोष दिला होता, आणि त्या पाळकाच्या बचावाची मांडणी एडवर्ड्स त्या खर्ड्यात करीत होता. त्याचा मुद्दा मोठा चतुर आहे: जे आक्षेप घेतात तेही गुलामांच्या श्रमांतून आलेल्या वस्तूंचा उपभोग घेतातच, तेव्हा पाप असेल तर त्यात तेही भागीदार आहेत. आफ्रिकेतून माणसे पकडून आणण्याचा व्यापार मात्र त्याला मान्य नव्हता. म्हणजे प्रश्न त्याच्यासमोर रीतसर रुजू झाला होता, त्याने तो ऐकला, त्यावर लेखणी झिजवली, आणि निकाल आपल्या सोयीचा दिला. बोस्टनचा न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल याने तर १७०० सालीच, बायबलमधील योसेफाला भावांनी विकल्याची कथा पुढे करून, गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका छापली होती.

त्यातही एक गोष्ट अधिक खोलवर बोचते. एडवर्ड्सने आपल्या चर्चमध्ये कृष्णवर्णी स्त्रीपुरुषांना पूर्ण सभासद करून घेतले होते; प्रभुभोजनाच्या मेजाशी त्यांचा अधिकार गोऱ्यांइतकाच होता. त्यांना आत्मा नाही असे तो कधीही म्हणाला नाही. आत्म्याची समता निःसंकोच मान्य करावी आणि देहाचा कबाला मात्र पेटीत ठेवावा, ही व्यवस्था धर्माच्या अभावातून निर्माण झाली नसून धर्मानेच घातलेल्या एका सोयीच्या भेदातून निर्माण झाली होती. पारमार्थिक आणि व्यावहारिक अशा दोन पातळ्या मानणाऱ्या आपल्या परंपरेला ही युक्ती अनोळखी आहे, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

सिद्धांताच्या बाजूने मात्र एक भक्कम पुरावा आहे. एडवर्ड्सच्या घरी राहून शिकलेला सॅम्युएल हॉपकिन्स हा त्याचा शिष्य. गुरूचे कागद प्रथम त्याच्याच हाती आले, आणि निःस्वार्थ सद्भावनेचा तोच सिद्धांत हाती घेऊन त्याने १७७६ साली आफ्रिकनांच्या गुलामगिरीवर एक संवाद लिहिला व तो वसाहतींच्या काँग्रेसला उद्देशून प्रसिद्ध केला. एडवर्ड्सचा त्याच नावाचा मुलगा, जो बाप वारला तेव्हा अवघ्या बारा वर्षांचा होता आणि ज्याच्या समक्ष टायटसची किंमत यादीत चढली असावी, त्याने १७९१ साली या व्यापाराच्या व गुलामगिरीच्या अन्यायावर प्रवचन केले. ज्या अमेरिकन मिशनऱ्यांची पहिली तुकडी १८१३ साली मुंबईस पोचून मराठी शिकू लागली, तिचीही वैचारिक वंशावळ याच शिष्यशाखेशी जाऊन मिळते.

तेव्हा सिद्धांत निर्दोष होता, दोष व्यक्तीचा, असा निवाडा देऊन दफ्तर बांधून ठेवावे काय? हॉपकिन्सचे उदाहरण मला तसे करू देत नाही. तो ज्या न्यूपोर्टात १७७० पासून पाळक होता, ते बंदर गुलामांच्या जहाजांवरच धनाढ्य झालेले. त्याच्या मंडळीतील कुटुंबांचा पैसा त्याच व्यापाराचा. आणि ही सारी उलाढाल नित्य दृष्टीस पडू लागल्यावरच गुरूच्या सिद्धांताला त्याने धार लावली. म्हणून कोणी म्हणेल की तत्त्वाला डोळ्यांची जोड हवी, इतकेच. पण व्हीनसचे खरेदीखत झाले तेही याच न्यूपोर्ट बंदरी. आणि ज्याच्या नावाने ते झाले, त्याच्यापाशी तर तत्त्वाची वानवा मुळीच नव्हती.