कामाच्या जागेवरचा क्रूस

मंडळीत कुणी नोकरीतला त्रास सांगायला लागलं, की ऐकणारा हमखास म्हणतो, "चालायचंच, प्रत्येकाला आपापला क्रूस असतो." म्हणणाऱ्याच्या मनात माया असते. तरीही वर्षानुवर्षं ऐकून माझं मत झालं आहे, की या वाक्याने कित्येक भल्या माणसांची तोंडं बंद केली आहेत. पगार थकला, क्रूस. साहेबाने चारचौघांत अपमान केला, क्रूस. धर्म किंवा जात पाहून बढती अडवली, तोही क्रूसच. येशूने क्रूस आपण होऊन, दुसऱ्यांसाठी उचलला. मालकाच्या सोयीसाठी कामगाराच्या खांद्यावर टाकलेलं ओझं त्या नावावर खपवलं जातं, ते मला मान्य नाही.

कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात काम प्रभूची सेवा समजून मनापासून करावं, असा उपदेश आहे. तो आपल्या कॅलेंडरांवर असतो, ऑफिसच्या टेबलावरही असतो. तो मुळात दासांना उद्देशून आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. आणि लगेच पुढे धन्यांनाही बजावलं आहे, की दासांशी न्यायाने वागा, तुमच्याही वर धनी आहे. हा दुसरा भाग मी कुठल्या भिंतीवर पाहिलेला नाही. याकोबाचं पत्र तर याहून कडक आहे. शेत कापणाऱ्यांची मजुरी अडवली, तर त्यांचा आक्रोश थेट देवाच्या कानी जातो, असं ते श्रीमंतांना ऐकवतं. सहन करण्याचा उपदेश आणि अन्यायाला अन्याय म्हणण्याचा अधिकार, दोन्ही एकाच शास्त्रात आहेत. एकच उचलायचं आणि दुसरं सोडायचं, असं चालणार नाही.

कष्टाचा प्रश्न वेगळा. कष्टाला ख्रिस्ती माणसाने भिऊ नये. पौलाने करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहुट्या करण्याचं काम केलं. पण थकव्याची लाज वाटण्याचंही कारण नाही. एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला ना उपदेश केला, ना श्रद्धेची परीक्षा घेतली. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला लावलं. प्रश्न विचारले गेले ते फार नंतर. खचलेल्या माणसाला प्रार्थनेची यादी हातात देण्याआधी त्याला रजा मिळते का, हे पाहावं.

आणि तरीही काम सोडायचं नाही, ते कसं? मला इथे पंडिता रमाबाईंशिवाय दुसरं नाव सुचत नाही. नवरा 1882 साली गेला. वैद्यकीचं शिक्षण घ्यायला त्या इंग्लंडला गेल्या, तर बहिरेपण आडवं आलं. तो रस्ता बंद झाल्यावर त्यांनी चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवलं, स्वतःही शिकल्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यावर धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. बाप्तिस्मा नुकताच 1883 साली झालेला, उपकारकर्ते हेच लोक. तरी बाईंनी आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांच्या हवाली करायला साफ नकार दिला. 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली, पुढच्याच वर्षी ती पुण्याला नेली. त्यांच्या प्रार्थनेला मुली बसतात यावरून गहजब झाला. 1893 साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं, अनेक पालकांनी मुली परत नेल्या. बाईंनी कुणावर सक्ती केली नाही, आणि प्रार्थनेच्या वेळी आपल्या खोलीचं दारही लावून घेतलं नाही. मला या उघड्या दारात त्यांचा सगळा स्वभाव दिसतो.

1897 साली प्लेगच्या काळात पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत बायकांचे कसे हाल होतात, हे त्यांनी वर्तमानपत्रात जाहीरपणे लिहिलं. सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं होतं, म्हणून गप्प बसल्या नाहीत. आणि हीच बाई केडगावला आयुष्याची अखेरची वर्षं हिब्रू-ग्रीक घेऊन बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत बसली. साध्या बायकांना कळावं, एवढाच हेतू. छपाई तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्याच बायकांच्या हातची. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या. चिकाटी आणि तक्रार या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, हे मला त्यांच्याकडून पटलं.

अशीच माझ्या माहितीतली एक स्टाफ नर्स आहे. रात्री चाळीस पेशंटच्या वॉर्डात दोनच सिस्टर. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना ती खाटेखाटेशी थांबते, सलाइन किती उरलं, ताप कधी उतरला, सगळं सांगते. मग रिपोर्टच्या वहीत तीच एक ओळ लिहिते: पेशंट किती, सिस्टर किती, कुणाचं ड्रेसिंग उशिरा झालं. ती ओळ लिहू नकोस, असं तिला वरून सांगण्यात आलं. तिने ऐकलं नाही. कामही ढिलं पडू दिलं नाही. तिसरी सिस्टर अजून मिळालेली नाही. मंडळीतल्या आम्ही काहींनी व्यवस्थापनाला भेटायचं ठरवलं आहे, आणि या वेळी पाळकांनी आमच्यासोबत यावं, असा माझा आग्रह आहे.